तोंड झाकून उभी राहा

पैठणीचा पदर खांद्यावर टाकून मी गिऱ्हाइकाला दाखवत होते. वहिनींनी तो सगळ्यांदेखत ओढून घेतला.

"तू नको. गिऱ्हाईक साडी सोडून तुझं तोंड बघत बसतं."

समोरच्या बायका हसल्या. मीही हसले. सांगायला लाज वाटते, पण हसले.

दादरच्या त्या साडीच्या दुकानात मी सेल्सगर्ल होते. वहिनी म्हणजे मालकीणबाई. माझ्या गालांवर, कपाळावर मुरमं. लाल, पिकलेली. दुसऱ्या दिवशी वहिनींनी मला औषधी फेसवॉशची बाटली दिली. त्यांच्या मुलीची, अर्धी संपलेली. आणि एक मास्क. कोरोना केव्हाच सरला होता. दुकानात दुसऱ्या कुणाच्याच तोंडावर मास्क नव्हता.

"तुमच्या चाळीत नळाला पाणी तरी किती वेळ येतं म्हणा. इथेच धू, दर दोन तासांनी. आणि तोंड झाकून उभी राहा."

त्यांची मुलगी गल्ल्यावर बसायची. तिलाही मुरमं होती, माझ्याइतकीच. तिचा विषय निघाला की वहिनी म्हणायच्या, "वयच आहे तिचं." तिचं वय. माझी घाण. आम्ही दोघी एकोणीस वर्षांच्या.

खरं सांगते, वहिनींचा मला रागही आला नाही. मला ते पटलं. दर दोन तासांनी मागच्या बेसिनवर तोंड घासायचे. फेस झोंबायचा. कातडी सोलवटली, त्यावर मास्कचा घाम. मुरमं आणखी वाढली. लालबागला घरी आले की सगळा राग आईवर. एकदा तिने बांगड्याचं तिखलं केलं होतं. मी ताट सरकवलं.

"तुझ्या या माशांनी माझ्या तोंडाची वाट लावलीय. वास मारतो आपल्या घराला."

आईने ताट उचललं. त्या दिवसापासून घरात मासे आले नाहीत. विचारलं तर म्हणाली, "माका काय गो, पेज चलता." जन्मभर माशाशिवाय जेवली नव्हती ती बाई.

गालातून पाणी झिरपायला लागलं तेव्हा म्युनिसिपालिटीच्या हॉस्पिटलात गेले. डॉक्टरीणबाईंनी बघितलं. "इतकं घासायला कुणी सांगितलं?" मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"हे घाणीने होत नाही. माशांनीही नाही. आजार आहे. आधी कातडी बरी होऊ दे. मग फेसवॉश दिवसातून दोनदाच, हलक्या हाताने. आणि तो मास्क काढ."

केसपेपर घेऊन बाहेरच्या बाकावर बसले आणि रडले. मुरमांसाठी नाही. वहिनी मला जे बोलल्या, तेच मी घरी जाऊन आईला बोलले होते.

दुसऱ्या दिवशी उघड्या तोंडाने काउंटरला उभी राहिले.

"मास्क कुठाय?"

"डॉक्टरांनी काढायला सांगितलाय."

"मग माळ्यावर जा. घड्या घाल."

"मुलीलाही पाठवा, वहिनी. तीही बसते उघड्या तोंडाने. मग मी जाते."

मुलीने मान खाली घातली. तिचं वाईट वाटलं, पण शब्द मागे घेतला नाही.

"उद्यापासून येऊ नकोस."

"आजच जाते."

आईची माफी मागितली. "गप गो," म्हणाली. पण मासळी बाजारात ती अजून गेलेली नाही.

मुरमं आहेत. काही कमी झाली, काही डाग ठेवून गेली. नवीन कामासाठी अर्ज केला की फोटो मागतात. मोबाईलवर बोट फिरवलं की चेहरा साफ होतो, मैत्रिणीने करूनही दिला. मी तो पाठवला नाही. आहे त्या तोंडाचा फोटो पाठवला. दोन ठिकाणांहून उत्तर आलं नाही. आज तिसरीकडे पाठवला, तोच. तिथूनही नाही आलं तर चौथीकडे हाच जाईल.