टाकीचे तोंड विहिरीकडे

आमच्या घरी ट्रकला पुढची आणि मागची बाजू नव्हती. रस्त्याकडची आणि विहिरीकडची होती. बाबा ट्रक नेहमी रिव्हर्समध्ये अंगणात घेत, म्हणजे वाडीतली केळी आणि भाजी भरली की सरळ बाहेर पडता येई. नाक रस्त्याकडे, पाठ विहिरीकडे. "विहिरीकडचं चाक बसलंय" म्हटले की मागचे चाक, हे घरात कोणाला समजावून सांगावे लागत नसे.

भाजीचा धंदा थांबला तसा ट्रकही थांबला. लांब नाकाचा, लाकडी बॉडीचा तो जुना ट्रक अंगणातच उभा राहिला आणि त्याची डिझेलची टाकी खालून गंजून गेली. गेल्या वर्षी दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, त्या जागेवर घराला दोन खोल्या जोडायचे ठरवले. गोखिवऱ्याचा भंगारवाला ट्रक पाहूनही गेला. बाबांनी एकच अट घातली. ट्रक स्वतःच्या इंजिनावर, स्वतःच्या टाकीतल्या डिझेलवर अंगणाबाहेर पडला, तर तो गास गावी काकांच्या शेतातल्या शेडमध्ये राहील. नाही पडला, तर भंगारात. दादाला ते मान्य होते, फक्त पाया खणायच्या आत काय ते व्हायला हवे होते.

इंजिनाची चिंता नव्हती. बाबांनी ते डब्यातून डिझेल देऊन चालू करून दाखवले होते. अडले होते टाकीवर. तशी टाकी आता बाजारात मिळत नाही, म्हणून सातिवलीच्या एका वर्कशॉपमध्ये नवी बनवायला दिली. जुनी नमुना म्हणून नेली होती. तिच्यावरून माप मिळाले, पण डिझेल भरायच्या तोंडाच्या बाजूचा पत्रा काढतानाच गळून पडला होता. तोंड कोणत्या टोकाला ठेवायचे, एवढे विचारायचे राहिले. दादाचे ऑफिस त्याच रस्त्यावर असल्याने तो वर्कशॉपमध्ये गेला आणि तिथूनच त्याने बाबांना फोन लावला.

टाकी आली ती गोणपाटात गुंडाळलेली. वेल्डिंगची शिवण एकसारखी होती, रंगही नीट बसला होता. बाबांनी आणि मी ती चासीच्या ब्रॅकेटवर चढवली आणि चूक लगेच दिसली. तोंड केबिनच्या मागच्या कोपऱ्याखाली गेले होते. पंपावरची नळी सोडाच, झाकण फिरवायलाही जागा नव्हती. टाकी उलटी फिरवून पाहिली तर तोंड आत चासीकडे गेले.

बाबा खाली बसले. "मी विहिरीकडे म्हटलं होतं," ते म्हणाले. "त्याला ट्रक नकोच आहे."

दादा घरात होता. त्याने ऐकले आणि दारातूनच उत्तर दिले, "तुम्ही विहिरीकडे म्हणालात, मी विहिरीकडेच करून घेतलं."

मी दोघांना वेगवेगळे विचारले, तेव्हा दोघेही खरे बोलत असल्याचे निघाले. ट्रक शेवटचा बंद पडला तेव्हा शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरने तो ओढून आणला होता, आणि ओढलेला ट्रक नाक पुढे करूनच आत येतो. तेव्हापासून त्याचे नाक विहिरीकडे होते. दादाने ट्रक अंगणात उभा आहे तसा डोळ्यांसमोर आणला आणि वर्कशॉपमध्ये सांगितले, तोंड पुढच्या टोकाला. बाबांच्या डोळ्यांसमोर तो नेहमीसारखाच उभा होता, विहिरीकडे पाठ करून. ट्रक फिरला होता. बाबांच्या डोक्यातला फिरला नव्हता.

हे मी दोघांनाही सांगितले. दादाने पाना घेतला आणि स्वतः टाकीचे पट्टे सोडवले. दुसऱ्या दिवशी त्याने रजा टाकली आणि आम्ही तिघे टेम्पोतून सातिवलीला गेलो.

वर्कशॉपवाल्याने टाकी हुंगली. आत डिझेल पडलेले नाही, याची खात्री करून घेतल्याशिवाय तो ज्योत जवळ आणणार नव्हता. मग त्याने विचारले, आता तोंड नक्की कुठे?

"केबिनपासून लांबच्या टोकाला," दादा म्हणाला.

"म्हणजे विहिरीकडे," बाबा म्हणाले.

"काका, मग पुढच्या वेळी विहीर पण घेऊन या," वर्कशॉपवाला बाबांना म्हणाला.

पहिले हसले ते बाबा. जुने भोक पत्रा लावून बंद झाले आणि दुसऱ्या टोकाला नवे तोंड बसले. टाकीत हवा भरून शिवणींवर साबणाचा फेस लावला. कुठेही बुडबुडा आला नाही.

घरी पट्ट्यांखाली रबर घालून टाकी आवळली, पाइप जोडले, डिझेल ओतले. बाबांनी हवेचा स्क्रू सैल करून इंजिनाचा छोटा हातपंप मारला आणि पाइपातली हवा काढली. फेसाळ डिझेल यायचे थांबून सलग धार आली तेव्हा त्यांनी स्क्रू बंद केला आणि केबिनमध्ये चढले. इंजिन थोडे खोकले आणि चालू झाले. दादा फाटकाशी उभा राहून हात हलवत राहिला, "येऊ दे, येऊ दे." ट्रक मागे मागे येत अंगणातून रस्त्यावर आला.

इंजिन चालू ठेवूनच बाबांनी दुसऱ्या बाजूचे दार उघडले. दादा वर चढला.

"त्या भंगारवाल्याला फोन करून नाही म्हणून सांग," बाबा म्हणाले.

"तोंड बदलायला टाकी सातिवलीला नेली त्याच दिवशी सांगितलं."

बाबांनी त्याच्याकडे पाहिले, गिअर टाकला आणि ट्रक गासच्या रस्त्याला लागला.