माझ्या मुलाचा फ्रॉक

आधी अक्कांचं सांगते, मग त्या बुवाचं. अक्का आमच्या शेजारच्या खोलीत राहायच्या आणि आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या बायकांची मंगळवारची प्रार्थना चालवायच्या. माझा मुलगा आज जिवंत आहे तो त्यांच्यामुळे.

मी नगरकडची. चौथीत शाळा सुटली, पुढे लग्न होऊन जळगावला आले. नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. माहेर इतकं लांब, की पहिला मुलगा तापाने गेला तेव्हा आई पोचली ती त्याला माती दिल्यावर. दुसरा झाला तसा सासूबाईंनी त्याला फ्रॉक शिवला, कान टोचले आणि 'बाई, बाई' म्हणून हाक मारायला लागल्या. मुलगी समजून मरण पुढच्या दारी जातं म्हणे. बाप्तिस्मा झाला तरी ही जुनी रीत घरातून गेली नव्हती. अक्का चिडवायच्या, "काय गं, प्रभूला डोळे नाहीत का? फ्रॉकला फसतो का तो?" तरी मी फ्रॉक काढला नाही. भीती होती ना.

बाळ चालायला लागलं आणि त्याला हिवतापाने धरलं. सरकारी दवाखान्यातून कुनैनची बाटली आणली. त्याच आठवड्यात मंडळीत एक परगावची बाई आली. मोठे उपदेशक येणार आहेत, मी तयारीला पुढे आले, म्हणाली. मंगळवारी प्रार्थनेला माझ्याच शेजारी बसली. आमच्यात ज्याचं दुःख त्याने मोठ्याने सांगायचं असतं, म्हणजे सगळ्यांना मिळून देवाकडे मागता येतं. मी लांबच्या माहेराचं, पहिल्याचं सांगितलं, बाळाचा ताप सांगितला. सासूबाई बाळाला थोपटत होत्या, "उगी बाई, उगी." त्या बाईने बाळाला मांडीवर घेतलं, माझे डोळे पदराने पुसले. किती मायेने पुसले! आठवलं की अजून तोंड कडू होतं.

रविवारी देवळाच्या अंगणात मांडव पडला. त्या उपदेशक बुवाने डोळे मिटले आणि म्हणाला, "लांबून आलेली एक बहीण इथं बसली आहे. तिचं पहिलं मूल मातीत आहे. धाकटी लेक तापाने फणफणते आहे. प्रभू मला त्या लेकीचा चेहरा दाखवतोय."

या परक्या गावात देवाने मला ओळखलं, असं वाटलं. बाळाला घेऊन पुढे गेले.

"घरात औषध आहे ना? ते अविश्वासाचं पाणी. इथं ओत, लेक उठून खेळेल."

सासूबाई धावत जाऊन बाटली घेऊन आल्या. मी बूच काढलं, तोच अक्कांनी माझं मनगट धरलं.

"बुवा, प्रभूने चेहराच दाखवला का?" असं म्हणून त्यांनी बाळाचा फ्रॉक वर केला. "हाई पोर नही, पोऱ्या शे! मंगळवारी तुमच्या बाईला फ्रॉक दिसला, तेवढंच तुम्हाला दर्शन?"

पोरंटोरं खो खो हसली. मागून एक म्हातारे नाना ओरडले, "बुवाले चष्मा द्या रे!"

बुवा हसला नाही. "या बाईच्या तोंडून सैतान बोलतोय," म्हणाला. मला वाटलं, आता मंडळीचे पंच त्याला हाकलतील. पंच उठले, आणि त्यांनी अक्कांना बाहेर काढलं. भर सभेत बाईमाणसाने असं करावं का, म्हणे. अक्का जाता जाता मला एवढंच म्हणाल्या, "आधी त्याला औषध पाज." मांडवामागे उभी राहून मी ते पाजलं. चार दिवस पाजत राहिले, ताप उतरला.

बुवाला हार घालून धुळ्याच्या मोटारीत बसवलं. तिकडेही एका आईने औषध ओतलं. तिचा मुलगा गेला. त्याच्या अंगात फ्रॉक नव्हता, म्हणून बुवा तिथे चुकला नाही.

बातमी आली तेव्हा पंचांनी माना खाली घातल्या. रविवारी प्रवचन मात्र बायकांच्या विनयावर झालं. अक्कांना त्यांचा मंगळवार कुणी परत दिला नाही. त्या नशिराबादला भावाकडे निघून गेल्या.

लांडगा मेंढराचं कातडं पांघरून येतो, हे मला लहानपणी शिकवलं होतं. तो आपलंच रडणं ऐकून ठेवतो आणि दर्शन म्हणून आपल्यालाच परत देतो, हे कुणी शिकवलं नव्हतं. आता कुणी मला माझं दुःख सांगायला लागला, की मी आधी आठवून बघते, हे मी कुणाजवळ बोलले होते. आणि विचारणाऱ्याला जो सैतान म्हणतो, त्याच्यासमोर मी लेकराला नेत नाही.

मुलगा आता चड्डी घालून शाळेत जातो. फ्रॉक मी ट्रंकेत जपून ठेवलाय. एक दिवस मुलाला घेऊन नशिराबादला जाईन, अक्कांना हाताला धरून त्याच देवळात आणीन आणि बायकांच्या पुढच्या सतरंजीवर बसवीन. पंच काय म्हणतील, याची आजही धडकी भरते. तरी बसवीन.