समुद्री काका

नव्वद सालच्या आसपास मी समुद्री चाच्यांवरचा माझा प्रबंध मीरा रोड स्टेशनजवळच्या एका टायपिस्ट बाईंकडे दिला. दर दोन ओळींनी फुंकर मारून त्या रबराचा चुरा उडवायच्या, चष्मा वर सरकवायच्या आणि म्हणायच्या, "काळजी नको सर, भाषासुद्धा बघून देते."

तिथेच घात झाला. प्रबंध सादर करायच्या आदल्या दिवशी वाचतो तर काय, 'काकांनी जहाज लुटले', 'काकांचा बंदोबस्त करण्यात आला'! 'चाचे' हा हिंदी शब्द समजून बाईंनी दोनशे पानांत त्यांचे काका करून टाकले होते. तेही चार कार्बन प्रतींत!

"अहो बाई, चाचे म्हणजे समुद्रावरचे लुटारू!" मी ओरडलोच. "दुसऱ्याची मालमत्ता लुबाडणारे काका असतात का कुठे?"

बाईंनी शांतपणे टाइपरायटरमध्ये कोरा कागद सरकवला. मग एकदम त्यांच्या बोलण्यात गाव उतरलं.

"असतात ना सर. आमची पेणकरपाड्याची जमीन काकानंच लाटली. आता तिथं चार मजली बिल्डिंग हाय. म्हणून तर मला एकदाबी शंका न्हाय आली."