गाडीचे दिवे, माझे डोळे आणि गिरगाव ते रे रोड

मंडळी, यावेळी घाट नाही, समुद्रकिनारा नाही, किल्ला तर नाहीच. गिरगावातून निघाले, दादर-परळ-लालबाग करत रे रोडला जाऊन आले. सगळे मिळून वीस-बावीस किलोमीटर झाले असतील. तरीही दोन दिवस झाले, मी भारावल्यासारखी फिरतेय, आणि घरचे म्हणतात एकदाचं लिहून टाक म्हणजे आमची सुटका होईल.

आधी कारण सांगते. दर गणपतीला आम्ही रात्री जेवून निघतो आणि सकाळी कणकवलीजवळच्या गावी पोचतो. गाडी मी चालवते. नवऱ्याला गाडी येत नाही, झोप मात्र उत्तम येते. पनवेलच्या आधीच त्याचं घोरणं सुरू. गेल्या वर्षी महाडच्या पुढे काळा शर्ट घातलेला एक माणूस हातात सायकल धरून कडेने चालला होता. मागच्या सीटवरून माझी मुलगी मुग्धा किंचाळली, तेव्हा तो मला दिसला. हातभर अंतराने वाचला बिचारा. मी तोंडाने म्हटलं, "दिसला होता मला." दिसला नव्हता.

यंदा गणपती दीड महिन्यावर आल्यावर मुग्धाने विषय काढला.

"आई, या वर्षी रात्री तू चालवायची नाहीस."

"अगं, दिवे म्हातारे झालेत गाडीचे. मी नाही."

"मग दिवे बदल. आणि मला शेजारी बसवून अंधारात चालवून दाखव. मला पटलं तर चावी तुझी."

मी बासष्ट वर्षांची, बँकेतून निवृत्त, चौतीस वर्षं गाडी चालवणारी बाई. पोटच्या पोरीसमोर परीक्षा द्यायची म्हणजे नाक मुठीत धरून जायचं. पण गेले. शनिवार होता. मुग्धाचं ऑफिस परळला, शनिवारीही सहापर्यंत असतं, ती संध्याकाळी लालबागला भेटणार होती.

सकाळी साबुदाणा वडा आणि पीयूष पोटात टाकून पहिला मुक्काम ऑपेरा हाऊसच्या मागच्या गल्ल्यांत. तिथे गाड्यांच्या सुट्या भागांची दुकानं आहेत, हे मला जन्मभर गिरगावात राहून फक्त ऐकून माहीत होतं. गाडी लांब लावून चालत जा, आत जागा नाही. मी एका हातभर रुंद दुकानापाशी थांबले. छतापर्यंत नुसते दिवे! गोल, चौकोनी, डोळे वटारलेले, डोळे मिटलेले. त्या सगळ्यांमध्ये पांढऱ्या दाढीचे एक चाचा बसले होते. मी ऐटीत म्हटलं, सगळ्यात पांढरा, सगळ्यात जोरदार एलईडी द्या.

चाचांनी गाडीचं मॉडेल विचारलं, वर्ष विचारलं आणि मान हलवली. "मॅडम, तुमच्या गाडीचा डब्बा हॅलोजनचा. त्यात हा बल्ब टाकला तर उजेड इधर-उधर सांडणार. तुम्हाला वाटेल काय मस्त, समोरवाला अंधा होणार. पोलीस पकडेल ते वेगळं."

"पण मला जास्त उजेड हवाय."

"जास्त नको. जागेवर पायजे." मग जरा घुटमळून म्हणाले, "बुरा मत मानना, डोळे दाखवले का? पांढरा-निळा उजेड आपल्या उमरच्या माणसाला चुभतो. मी पण रात्री नाही चालवत आता."

गिऱ्हाईक परत पाठवायला निघालेला दुकानदार मी पहिल्यांदा पाहिला. कंपनीने दिलेले असतात तसेच पिवळसर हॅलोजन बल्ब त्यांनी दिले. जोडीनेच बदला, एकटा बदलू नका, आणि काचेला बोट लावू नका, असं दोनदा बजावलं. जोडी आठशेच्या आत. मला मात्र "आपल्या उमरच्या" हे दोन शब्द चावत होते, म्हणून सरळ दादर गाठलं.

दादरला माझ्या मैत्रिणीच्या डोळ्यांच्या डॉक्टर. त्यांच्या यंत्राला हनुवटी टेकवून बसले, त्यांनी बारीक उजेडाची रेघ डोळ्यात सोडली. बाहुली मोठी करायचे थेंब त्यांनी टाकले नाहीत, कारण मला गाडी चालवायची होती. ते घातल्यावर चालवायची नसते, हे तुम्हीही लक्षात ठेवा. जाताना कुणाला तरी सोबत न्या. मग त्या म्हणाल्या, "मोतीबिंदूची सुरुवात आहे. घाबरू नका. डोळ्यातलं भिंग वयाने पिवळं, धुरकट होतं. उजेड आत कमी पोचतो, आणि जो पोचतो तो विखुरतो. म्हणून समोरून लाईट आला की पांढरं होतं ना सगळं?"

मी म्हटलं, होतं.

"आणि परत दिसायला वेळ लागतो?"

यावर मी म्हटलं, थोडा. पर्समधून फुटपाथवर घेतलेला रात्रीचा पिवळा चष्मा काढून दाखवला, तर त्या हसल्याच. "आधीच उजेड कमी, त्यात तुम्ही गाळणी लावताय." चष्म्याला चकाकी कमी करणारं कोटिंग करून घ्या, गाडीची पुढची काच आतून पुसा, ती कुणीच पुसत नाही, असं म्हणून पुन्हा तपासायला पुढची तारीख दिली, ऑपरेशनचं तेव्हा ठरवू म्हणाल्या. बाहेर येऊन मी कोथिंबीर वडी खाल्ली, पण चव लागली नाही.

दुपारी चारला लालबाग. इथे आमच्या गाडीचे जुने डॉक्टर, बाबल मेस्त्री. माझ्याच वयाचे, मूळचे मालवणकडचे, वडील गिरणीत होते. मसाल्याच्या दुकानांच्या मागे त्यांचं टपरीवजा गॅरेज आहे, त्यामुळे तिथे ऑइलच्या वासाला कायम भाजलेल्या मिरचीची फोडणी. गेल्या गेल्या दोन शिंका द्यायच्या, मग बोलायचं.

त्यांनी दिव्यांच्या काचा बघितल्या. काचा कसल्या, प्लास्टिकच ते, अकरा वर्षांच्या उन्हाने दुधी-पिवळं झालेलं. त्यांनी पाणी मारत आधी जाड, मग बारीक पॉलिश पेपरने घासायला घेतलं. पिवळट पाणी ओघळायला लागलं. तासाभराने, चाचांचे बल्ब बसवून, वर पारदर्शक थर मारून वाळल्यावर, मी आत डोकावले तर आतला बल्ब, त्यामागची चकचकीत वाटी, सगळं लख्ख! मी वेड्यासारखी त्या दिव्यासमोर उकिडवी बसून राहिले. माझं तोंड उलटं दिसत होतं त्यात. याचे बाराशे दिले, आणि नवे दिवे घेण्यापेक्षा तुम्हीही आधी हेच करा.

साडेसहाला मुग्धा आली. अंधार पडल्यावर मेस्त्रींनी गाडी बंद गिरणीच्या भिंतीसमोर पंचवीस फुटांवर उभी केली, भिंतीवर खडूने आडवी रेघ मारली आणि दिवे लावले.

काय सांगू! भिंतीवर वर अंधार, खाली उजेड, आणि मध्ये सुरीने कापल्यासारखी कड, नेमकी खडूच्या रेघेवर. उजवीकडे ती कड सपाट, डावीकडे मात्र हळूच वर चढत गेलेली.

"डावीकडे वर का?" मी विचारलं.

"डावीकडे माणसां चालतत, वयनी. त्यांका बघूक होयां. उजवीकडसून गाडी येता, तिच्या डोळ्यात जाऊक नको."

चौतीस वर्षं मी दिवे लावते आणि विझवते. कुणीतरी कुठेतरी बसून कडेने चालणाऱ्या माणसासाठी उजेडाला एवढा चढ देऊन ठेवलाय, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. खरंच हात जोडावेसे वाटले. गेल्या वर्षीचा तो सायकलवाला आठवला.

मेस्त्रींचं समाधान नव्हतं झालं. "गणपतीक गावाक जाताना डिकीत काय काय भरतास?"

मी यादी सांगितली. मखराचं सामान, भजनाची पेटी, तबला-डग्गा, साखर-रवा, तेलाचे डबे, भावकीतल्या बायकांच्या साड्या, आणि मागे तीन माणसं.

"मगे दिवे खय बघतत?"

दिवे कुठे बघणार? मला प्रश्नच कळला नाही. तेव्हा त्या माणसाने काय करावं? शेजारच्या मसालेवाल्याकडून दोन पोती धणे आणि एक पोतं बेडगी मिरची उसनी आणून आमच्या डिकीत घातली. मसालेवाला आणि त्याचा भाऊ मागे बसले, मधोमध मुग्धा. गाडीचं बूड खाली गेलं, नाक वर. आणि भिंतीवरची ती सुंदर कड खडूची रेघ सोडून वर चढली, चांगली वीतभर!

"बघा," मेस्त्री म्हणाले. "चाकरमानी असो समोरच्याचे डोळे फोडीत गावाक जाता."

मी गारच पडले. दर वर्षी त्या रस्त्यावर समोरचे सगळे मला अप्पर मारतात, दिव्यांचा वरचा झोत थेट तोंडावर, आणि मी अख्खी रात्र त्यांच्या सात पिढ्या उद्धरत असते. भांडण मीच सुरू करत होते तर! मेस्त्रींनी स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्यापाशी असलेलं एक छोटं चाक फिरवलं. त्यावर शून्य ते तीन आकडे. तीनवर नेलं तशी भिंतीवरची कड निमूट खाली उतरून रेघेवर बसली. अकरा वर्षं मी ते चाक बिघडलंय असं समजत होते, कारण फिरवून काहीच होत नाही! वाचणाऱ्यांनो, तुमच्याही गाडीत असेल तर सामान भरल्यावर फिरवा. मागे मसालेवाला शिंकत होता, मुग्धा शिंकत होती, आणि मी ते चाक खालीवर करून भिंतीकडे बघत बसले होते.

पोती उतरवली, चाक परत शून्यावर आणलं, आणि परीक्षा सुरू. मुग्धा शेजारी. रे रोडकडे लाकडाच्या वखारी आणि गोदामांच्या मध्ये काही रस्ते फार अंधारे आहेत, तिकडे वळले.

मंडळी, मला दिसत होतं! झाडाच्या मुळांनी उचललेला फुटपाथ, फळ्यांच्या थप्पीवर बसलेली मांजर, भिंतीच्या विटा सुट्या सुट्या. गडद शर्टातला एक माणूस कडेने येत होता, तो मला इतक्या लांबून दिसला की मी आरामात गाडी हळू केली. माझे डोळे भरून आले. किती वर्षं मी अंदाजाने चालवत होते, ते मला त्या रस्त्यावर कळलं. मुग्धाने सीटवर जरा सैल होऊन पाठ टेकली.

पुढच्या वळणावर समोरून टेम्पो आला, अप्पर लावून. सगळं पांढरं. मी ब्रेक दाबून गाडी जवळजवळ थांबवली. टेम्पो गेला. पांढरं गेलं नाही.

"आई, हातगाडी आहे हं."

"कुठे?"

"डावीकडे. समोरच."

मी डावीकडे बघत होते. तिथे काहीच नव्हतं. मग धुक्यातून यावी तशी हळूहळू एक हातगाडी उमटली, तिच्यावर पाय सोडून बसलेला माणूस उमटला, आणि माझा चढता उजेड नेमका त्याच्यावर पडलेला होता. दिव्यांनी त्यांचं काम चोख केलं होतं.

"तुला टेम्पो असतानाही दिसत होती?" मी विचारलं.

"हो," ती हळूच म्हणाली.

 घरी साडेनऊला पोचलो, नवऱ्याने खिचडी टाकली होती. मुग्धाने चावी माझ्या ताटाशेजारी ठेवली. "तू वेळेवर हळू केलीस. पास आहेस." तिला माझं मन मोडायचं नव्हतं, ते तिच्या तोंडावर दिसत होतं.

मी म्हटलं, "डॉक्टर मोतीबिंदू म्हणाल्या. आणि गेल्या वर्षीचा तो माणूस मला दिसला नव्हता, मुग्धा. मी खोटं बोलले."

ती म्हणाली, "माहितेय मला."

बोलून टाकल्यावर वाईट वाटलं, आणि हलकंही वाटलं. चावी तिच्याकडे सरकवली. डोळ्याचं ऑपरेशन होऊन डॉक्टर हो म्हणेपर्यंत रात्री ती चालवेल, उजाडल्यावर मी.

तिने चावी उचलली. मग म्हणाली, "मी घाटात कधी रात्री चालवलेलं नाही गं. मला भीती वाटते. तू झोपू नकोस. वळण यायच्या आधी मला सांगत जा."

त्या रस्त्याचं वळण न् वळण मला पाठ आहे. ते सांगायला मला डोळे लागत नाहीत.