एव्हरेटची सही

एव्हरेट गेन्सइतका चिवट माणूस उभ्या लीड्समध्ये शोधून सापडणार नाही. मूळचा अमेरिकेतल्या जॉर्जियाचा. अमेरिकन हवाई दलातला काळा सैनिक म्हणून तरुणपणी इंग्लंडला आला, इथल्याच मुलीशी लग्न करून राहिला आणि तीस वर्षं हॉस्पिटलात पोर्टर म्हणून ट्रॉल्या ढकलल्या. उरलेल्या वेळात चित्रं काढली: सफाईवाल्या, नर्स, स्वतःसारखेच पोर्टर. कुणी ढुंकून पाहिलं नाही. आता शहात्तराव्या वर्षी पहिलं प्रदर्शन ठरलं, तर हा बाबा शेवटचं चित्र काही केल्या पुरं करेना!

ते चित्र माझ्या नवऱ्याचं. विष्णू त्याच हॉस्पिटलात डॉक्टर. जेवणाच्या सुट्टीत दोघं बुद्धिबळ खेळायचे. विष्णू गेला आणि एव्हरेट दर गुरुवारी अकराला आमच्या घरी येऊन त्याच्या रिकाम्या खुर्चीसमोर चित्राचा स्टँड मांडू लागला. आठ महिने! कान जमला की नाक खरवडायचा. सही कर म्हटलं की, "अजून नाही, सुप्रभा." माझ्या डोक्याला नुसता ताप. गालिच्यावर रंग सांडला तो वेगळाच.

शेवटचा गुरुवार उजाडला. गॅलरीची व्हॅन दुसऱ्या दिवशी यायची होती आणि सही नसलेलं चित्र ते घेणार नव्हते. आल्यापासून तो पुन्हा कपाळच रंगवत होता. चहाला त्याला स्वयंपाकघरात बसवून मी त्याच्याशी भांडत होते. तेवढ्यात मँचेस्टरहून आलेली माझी नणंद, नंदा, देवपूजा आटोपून बाहेर आली, तिनं भावाचं चित्र पाहिलं आणि सवयीनं त्याच्या कपाळाला अष्टगंध लावलं. ओल्या रंगात बोट रुतलं. तिच्या ओरडण्यानं आम्ही दोघं धावत बाहेर आलो.

"वहिनी, पेंट अजून वेट आहे हे मला काय माहीत!"

मी तिच्यावर कडाडले. एव्हरेटनं फडकं उचललं, मग थांबला. "हे काय आहे?"

"गंध. गेलेल्या माणसाच्या फोटोला आम्ही लावतो," मी वैतागून म्हणाले. "तो गेलाय, एव्हरेट. कितीही रंगवलास तरी डाव मांडायला येणार नाहीये."

एव्हरेट पहिल्यांदाच विष्णूच्या खुर्चीत बसला. बऱ्याच वेळानं उठला, बोटाचा ठसा तसाच ठेवला आणि कोपऱ्यात सही केली.

चित्र आता गॅलरीत दाराशीच लावलंय. लोक कपाळाबद्दल विचारतात, आणि स्वारी ऐटीत समजावून सांगते. सुटले एकदाची, असं मी सगळ्यांना सांगितलं.

पुढच्या गुरुवारी अकराला माझ्या हातानं दोन कप काढले. मग मात्र मी फोन लावून त्याला चांगलंच खडसावलं: गालिच्यावरचा डाग काढायला कोण येणार आहे?