क्रांजीचे नागोबा आणि तात्यांचा सॅल्यूट

सिंगापूरला आलेल्या पाहुण्यांना मरीना बे दाखवायचं असतं, तसं आम्हीही दाखवलं. पण माझ्या सासऱ्यांना, म्हणजे बाबांना, भलतंच काही बघायचं होतं: ब्रिटिश फौजेतला एक डॉक्टर. तोही कधीच वारलेला.

बाबा फौजेच्या मेडिकल कोअरमधून निवृत्त झालेत. त्यांच्या गावचे गणूतात्या महायुद्धात इथे लढले. तेव्हा त्यांचा फुटलेला पाय ब्रिटिश फील्ड अँब्युलन्समधल्या एका डॉक्टरने वाचवला. (फील्ड अँब्युलन्स म्हणजे गाडी नव्हे हं! डॉक्टर, मलमपट्टी करणारे ड्रेसर, स्ट्रेचरवाले अशी अख्खी तुकडी, आघाडीच्या मागे तंबू हलवत हिंडणारी. मला हे रोज समजावलं जातं.) पुढे तो डॉक्टर जपान्यांच्या कैदेत गेला आणि तिथेच वारला. "माझा सॅल्यूट पोचव," एवढं बाबांना सांगून तात्याही गेले. डॉक्टरचं नाव? विसरले. खूण? "गोरा, लांब नाकाचा."

घ्या!

दुसऱ्या दिवशी सासूसासऱ्यांचं परतीचं विमान, म्हणून सकाळीच निघालो. वुडलँड्सच्या आमच्या घरापासून क्रांजीची युद्ध दफनभूमी एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, जवळच, पुढे थोडी चाल. प्रवेश फुकट. चढ आहे, सावली नाही, टोपी न्याच.

मेडिकलवाल्यांच्या थडग्याच्या दगडावर काठीला वेटोळे घातलेला साप कोरलेला असतो, असं बाबा सांगत होते. तेवढ्यात सासूबाईंना, म्हणजे आईंना, तो दिसला.

"अगंबाई, नागोबा!" हात जोडून झाले आणि पिशवीतून चहासाठी घेतलेला दुधाचा खोका निघाला.

"आई, इथे दंड होतो!" मी किंचाळले.

तमिळ माळीदादा इथल्या खास खिचडी भाषेत ओरडत धावत आले. "आंटी, मिल्क कॅनॉट लाह! चींटी आयेगा!" आणि मग त्यांनीही हळूच हात जोडले.

बाबा मात्र हिरमुसले होते. जिकडेतिकडे साप. "ह्यातला आपला कोणता गं?" त्यांनी आईंना विचारलं.

"वारुळात कोणता नाग आहे, हे आपण पंचमीला विचारतो का?" आई म्हणाल्या. "ठोका सगळ्यांना!"

मग काय! पुढे कडक सॅल्यूट ठोकणारे बाबा, मागे नमस्कार करत आई, शेवटी छत्री धरून मी. एकही साप सोडला नाही.

घरी येऊन त्याच दुधाचा चहा केला. बाबांचा उजवा हात कपापर्यंतही उठेना. आई बाम चोळत पुटपुटल्या, "तात्यांचा पाय राहिला आणि ह्यांचा हात गेला."

बाबांनी डाव्या हाताने कप उचलला. "सॅल्यूट पोचला पण!"