सवाष्ण गाडी

मालक लोकांना सांगतो की त्या दिवशी माझ्या डोक्यावर परिणाम झाला होता आणि मी भलतंच बोलले. मी चांगली शुद्धीत होते. आठ दिवस विचार करून बोलले होते. म्हणून जे झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवते.

आमच्या शहरात सात रस्ता चौकाच्या पुढे त्याचं जुन्या परदेशी गाड्यांचं दुकान आहे. जास्त करून जर्मन गाड्या, अधूनमधून एखादी स्वीडनची नाहीतर फ्रान्सची. पुण्यामुंबईच्या आणि हैदराबादच्या लोकांनी वापरून सोडलेल्या गाड्या तो आणायचा, त्यांना रंगरूप द्यायचा आणि आमच्या भागातल्या बागायतदारांना, डॉक्टरांना, कंत्राटदारांना विकायचा. तिथे मी पाच वर्षं होते. बाहेरून धुवायला पाण्याचं मशीन होतं. माझं काम आतलं. सीटच्या शिवणीत बसलेली घाण दात घासायच्या ब्रशने काढायची, कातड्याला क्रीम चोळायचं, एसीच्या जाळ्या कापूस गुंडाळलेल्या काडीने पुसायच्या. गाडीत कुत्रं बसत होतं का, पोर ओकलं होतं का, गाडीवाला सिगारेट ओढत होता का, हे सगळं मला गाडी बघताच कळायचं. पण मला कुणी विचारत नव्हतं आणि मी कुणाला सांगत नव्हते.

एकदा मी एका गाडीच्या मागच्या सीटवर बसून काचेचं रबर पुसत होते. कामावरून परस्पर भावाकडे कार्यक्रमाला जायचं होतं म्हणून त्या दिवशी बरी साडी नेसले होते. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. त्याने मालकाला हळूच विचारलं, या कोण. मालक जरासा थांबला आणि म्हणाला, गाडी यांचीच आहे, अकलूजच्या आहेत. परका पुरुष समोर आला की माझी मान आपोआप खाली जाते. तशी ती गेली. गिऱ्हाईकाला वाटलं, बाई मोठ्या घरची आहे, उगाच बोलत नाही. गाडी त्याच दिवशी विकली गेली.

त्यानंतर हे नेहमीचंच झालं. ऑफिसच्या कपाटात माझ्यासाठी एक मोतिया रंगाची साडी आली. एरवी मालक मला मावशी म्हणायचा, साडी नेसले की वहिनीसाहेब म्हणायचा. मी एसी लावून मागे बसायचे आणि मांडीवर हात ठेवून खाली बघायचे. खोटं कशाला लिहू, मला ते आवडायचं. धुतलेल्या गाडीत बसायला मिळतंय, तेही कुणी उठ म्हणत नाही, असं आयुष्यात कधी झालं नव्हतं. समोरचा माणूस फसतोय हे मला कळत होतं. मी त्याकडे बघत नव्हते.

आधी मालक सांगायचा, साहेब परदेशात असतात. पुढे त्याने गोष्ट बदलली आणि साहेब वारले असं सांगायला लागला. आजारपणात गेले, गाडी दोन वर्षं शेडमध्ये झाकून होती, बाईंना त्यातलं काही कळत नाही. या गोष्टीने त्याची सगळी कामं व्हायची. गाडी कमी फिरलेली का, याचं उत्तर मिळायचं. नवरा गेलेल्या बाईसमोर घासाघीस करायला माणूस लाजायचा. आणि बाईला खरी किंमत माहीत नाही, आपल्याला गाडी स्वस्तात पडतेय, असं वाटून मनातून खूश पण व्हायचा. मला हे सांगितलं गेलं नव्हतं. मालक गिऱ्हाइकाशी लांब उभा राहून बोलायचा. मी वारलेल्या साहेबांची बायको झाले आहे हे मला कळलं ते सांगोल्याचं जोडपं यायच्या दहा मिनिटं आधी.

गाडी काळी जर्मन होती. मी साडी नेसून मागे बसले होते. मालकाने दार उघडून आत वाकून बघितलं.

"मावशी, ही टिकली काढा. मागच्या वेळी एकाने विचारलं. नवरा गेलेली बाई एवढी लाल टिकली लावून बसत नाही."

"मालक, माझा नवरा हाय," मी म्हणाले.

"मग आम्ही कुठं मारतोय त्याला? अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे."

मी हात वर केला नाही. नाही पण म्हणाले नाही, ते माझ्याच्याने होत नाही. तेव्हा त्याने स्वतःचा हात आत घातला आणि अंगठ्याच्या नखाने माझ्या कपाळावरची टिकली उचलली. ती बोटावर घेऊन तो गाडीच्या तोंडाकडे गेला आणि बॉनेटवर जिथे कंपनीचा बिल्ला असतो तिथे चिकटवली.

"घ्या," तो म्हणाला, "आता गाडी सवाष्ण झाली."

दुकानातली दोन विक्रीची माणसं हसली. काउंटरवरची मुलगी पण हसली. मेकॅनिक चाचा पलीकडच्या गाडीत डोकं घालून उभे होते. ते हसले नाहीत, पण त्यांनी डोकं वर पण काढलं नाही. मला त्यांचाही राग आला.

मंगळसूत्र मी ब्लाउजच्या आत सारलं आणि बसून राहिले.

सांगोल्याचे ते लोक डाळिंबाच्या बागेवर वर आलेले. त्याच्या आधी मेंढरं होती असं त्यांनी आल्या आल्याच सांगितलं. नवरा गाडीभोवती फिरत राहिला. बायको मात्र माझ्याजवळ सीटवर येऊन बसली. तिने माझं कपाळ बघितलं आणि माझा हात धरला. तिची धाकटी बहीण तरणीच विधवा झाली होती, तिचं सांगता सांगता तिला रडू आलं. मी मान खाली घालून बसले. माझ्या हातावर तिचे अश्रू पडले तरी मी हात काढून घेतला नाही. त्यांनी गाडी ठरवली, आठ दिवसांनी न्यायची.

घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं. तो रिक्षा पुसत होता. म्हणाला, टिकलीच होती की, दुसरी लाव. मी म्हणाले, कुणी काढली ते बघा. तो म्हणाला, काम चांगलं आहे, उगाच वाढवू नको.

माझी थोरली बहीण विधवा आहे. ती रोज काळी टिकली लावते, कामाला जाते, तिला आता कुणी काही म्हणत नाही. मला पण टिकलीचं एवढं काही नाही. आंघोळीला जाताना रोज काढतेच. पण परक्या पुरुषाने माझा नवरा जिवंत असताना माझ्या कपाळाला नख लावलं, आणि चार माणसं हसावीत म्हणून लावलं. ते आठ दिवस मी गाड्यांच्या सीटा घासत होते आणि एकाच गोष्टीचा विचार करत होते. पहिल्यांदा वाटलं, कातड्यावर ब्लेड फिरवावं. नंतर वाटलं, क्रीमच्या डब्यात काहीतरी कालवावं. पण गाडीला दुखत नाही. मालकाला कशाने दुखेल ते मला माहीत होतं. चार माणसांत मान खाली घालायला लागली की दुखतं, हे मला त्यानेच शिकवलं होतं.

गाडी ताब्यात द्यायच्या दिवशी आमच्याकडे मोठा थाट असायचा. गाडीवर लाल साटीनचं कापड टाकायचे, हातभर लांब पुठ्ठ्याची सोनेरी किल्ली गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे, फोनवर व्हिडिओ काढायचे आणि लगेच सगळीकडे पाठवायचे. सांगोल्याच्या बाईने फोन करून विचारलं होतं, त्या बाई येतील का, किल्ली त्यांच्याच हातून घ्यायची आहे. त्यामुळे मालकाला मी पाहिजे होते.

त्या दिवशी मी घरूनच टिकली न लावता गेले. मालकाला बरं वाटलं. म्हणाला, शहाण्या आहात. मी स्वतः काढली होती, त्याचं मला तसूभरही काही वाटलं नाही.

ते लोक जीप भरून आले. भाऊ, भावजया, पुतणे, सगळ्यांच्या अंगावर नवे कपडे. चाकांखाली लिंबं ठेवली. नारळ आला. दोन पुतण्यांनी फोन वर धरले. मालक मोठी किल्ली घेऊन उभा राहिला. सांगोल्याच्या बाईने ताट हातात घेतलं आणि सगळ्यांना सोडून माझ्याकडे आली.

"बाई, पयलं कुंकू तुमी लावा गाडीला. तुमच्या धन्याची गाडी हाय."

मालक मध्ये आला. म्हणाला, त्यांना नका सांगू, चांगल्या कामात बरं दिसत नाही.

"का बरं दिसत न्हाय?" ती म्हणाली. "मी मानत न्हाय असलं." आणि ताट माझ्यापुढे धरलं.

ती इतकी चांगली निघेल असं मला वाटलं नव्हतं. पण आता थांबणं शक्य नव्हतं. मी चिमूट भरून कुंकू घेतलं. सगळ्यांना वाटलं, गाडीला लावणार. मी ते माझ्या कपाळाला लावलं, रुपयाएवढं. आरसा नव्हता, थोडं नाकावर सांडलं.

"माझा नवरा हाय," मी म्हणाले. "रिक्षा चालवतो. मी हितं गाड्या धुते. ही गाडी माझी न्हाय."

माझा आवाज एवढा निघेल हे मला पण माहीत नव्हतं. मालक हसला आणि म्हणाला, दुःखाने त्यांचं असं होतं अधूनमधून. सांगोल्याची बाई एकदा माझ्याकडे बघायची, एकदा त्याच्याकडे.

"मग मेलं कोन?" तिने विचारलं.

मागून चाचांचा आवाज आला. ते हातातलं फडकं पिळत पुढे आले होते.

"कोई नै मरा, अक्का. गाडी मरी थी, पानी में. हमीच जिंदा करे उसकू."

ते खरं होतं. गाडी कुठल्याशा शहरात पावसाच्या पाण्यात तळघरात उभी राहिली होती. मी मागचं दार उघडलं आणि सीटचा पट्टा ओढला. एरवी पट्टा कुणी पूर्ण बाहेर काढत नाही. मी शेवटपर्यंत काढला. शेवटच्या हातभर पट्ट्यावर गाळाची रेघ होती. ती कितीही घासली तरी मला निघाली नव्हती.

सांगोल्याच्या माणसाने ती रेघ बोटाने खरवडली आणि बोटाचा वास घेतला. मग तो मालकाला शांतपणे म्हणाला, "आमी मेंढरं इकलेली मानसं. बाजारात दात दावतो, वजन वाढवून सांगतो, समदं करतो. पर मेलेलं मेंढरू उभं करत न्हाय." त्याने भावाला नारळ उचलायला सांगितला.

त्याची बायको मात्र माझ्यासमोरून हलेना.

"तुझा हात धरून रडले की गं मी," ती म्हणाली. "तवा तोंड हुतं की तुला."

ते मला लागलं. अजून लागतं. ती ताट घेऊन जीपमध्ये जाऊन बसली आणि तिने परत माझ्याकडे बघितलं नाही. पण मी मालकाकडे वळून बघितलं. पुठ्ठ्याची ती लांब किल्ली त्याच्या हातात तशीच होती आणि ती कुठे ठेवावी हे त्याला सुचत नव्हतं. विक्रीची माणसं जमिनीकडे बघत होती. फोन अजून चालू होते. एवढं बघून मी साडी बदलली, घडी करून कपाटात ठेवली आणि घरी गेले.

व्हिडिओ किती जणांनी बघितला कोण जाणे. चौथ्या दिवशी दुपारी मालक मिठाईचा डबा घेऊन आमच्या घरी आला. नवरा जेवायला आला होता. त्याने खुर्ची पुसून दिली. मालक म्हणाला, सात वर्षांचं नाव एका दिवसात गेलं, गिऱ्हाईक दारात येऊन परत जातं. मावशींनी फोनसमोर दोन वाक्यं म्हणावीत, तब्येत बरी नव्हती, गैरसमज झाला. पुन्हा कामावर या, पगार वाढवतो.

"तुमी पन म्हना," मी म्हणाले.

"काय म्हणू?"

"माझ्या कपाळाला हात लावला ते. त्याच दुकानात, त्याच मानसांसमोर."

"अहो, इथं म्हणतो की. चुकलं माझं. झालं?"

"हितं न्हाय."

तो नवऱ्याकडे बघून म्हणाला, तुम्ही तरी समजावा. नवरा चहाचा कप त्याच्या हातात देत होता. हा आता त्याचीच बाजू घेणार असं मला वाटलं.

"मालक," नवरा म्हणाला, "मला मारलंत ते मारलंत. निदान दहाव्याला तरी बोलवायचं की."

मालकाला हसावं का ते कळेना. त्याने चहा अर्धा ठेवला आणि उठला. मिठाईचा डबा मी त्याच्या मागे जाऊन त्याच्या गाडीच्या सीटवर ठेवून आले.

आता मी रस्त्याच्या पलीकडे गाड्या धुण्याच्या एका ठिकाणी काम करते. पगार कमी आहे. चाचा अजून तिकडेच आहेत. त्यांच्याखेरीज जर्मन इंजिन कुणाला उघडता येत नाही, म्हणून त्यांना काढता येत नाही. त्यांच्याकडून मालकाने दोनदा निरोप पाठवला, बाईला पाहिजे तरी काय. मी दोन्ही वेळा तेच सांगितलं. ते दुकान, ती माणसं, तोंडाने म्हणायचं. चाचा म्हणाले, नै बोलेगा वो. मी म्हणाले, मग नको बोलू दे.

त्याच्याकडे जोडपं आलं की मी ओले हात पुसते आणि रस्त्याच्या कडेला येऊन उभी राहते. काही बोलत नाही. एखादी बाई माझ्याकडे बघते, नवऱ्याला काहीतरी म्हणते, कधीकधी चालत माझ्यापर्यंत येते आणि विचारते. मग मी सांगते. तो काचेतून मला बघतो. परवापासून तो गिऱ्हाइकाला मागच्या गल्लीतल्या दाराने आत न्यायला लागला आहे. काल जेवणाच्या सुट्टीत मी त्या गल्लीत जाऊन आले. तिथे समोर कडुलिंबाची चांगली सावली आहे.